चरितार्थ, वृत्ती आणि उद्योग

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, "आमची मुलगी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेते आहे. विषय आहे उपजीविका आणि सामाजिक उद्योजकता. बायकांना पापड-लोणची करायला लावायची आणि बँकेचं कर्ज मिळवून द्यायचं, एवढ्यासाठी दोन वर्षं शिकायचं?" प्रश्न जरा तिरकस आहे, पण चांगला आहे. आज त्याचंच उत्तर शोधू या. तत्त्वज्ञानवाल्यांचा इथे काय संबंध, असं कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो शब्दांपासूनच सुरू होतो.

उपजीविकेसाठी आपल्याकडे दोन जुने शब्द आहेत. पहिला 'चरितार्थ'. संस्कृतात चरितार्थ म्हणजे ज्याचा हेतू साध्य झाला आहे तो, कृतार्थ. मराठीत मात्र "यांचा चरितार्थ कशावर चालतो?" असं आपण विचारतो, तेव्हा पोट कशावर भरतं एवढंच विचारतो. दुसरा शब्द 'वृत्ती'. वृत्ती म्हणजे पोटाचं साधन, आणि वृत्ती म्हणजे मनाचा कल. माणूस काय काम करतो आणि माणूस कसा आहे, या दोन गोष्टी भाषेनेच एकत्र बांधल्या.

इथवर ठीक होतं. पण समाजाने त्यात तिसरी गोष्ट बांधली, ती म्हणजे जन्म. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. जातिव्यवस्था केवळ कामांची वाटणी करत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, आणि त्यात माणसाच्या निवडीला जागा नसते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्याच १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. या दोन घटनांचा थेट संबंध नाही. पण आपल्या देशात उपजीविकेचा अभ्यास करणाऱ्याने दोन्ही लक्षात ठेवाव्यात, असं आम्हाला वाटतं.

आता शिकतात काय ते बघू. रॉबर्ट चेंबर्स आणि गॉर्डन कॉनवे यांचा १९९२ चा एक निबंध या विषयात पायाभूत मानला जातो. ते म्हणतात की उपजीविका म्हणजे केवळ मिळकत नव्हे. माणसाच्या क्षमता, त्याच्याजवळची साधनं आणि तो करत असलेली कामं, हे सगळं मिळून उपजीविका होते. साधनांमध्ये शेत, गुरं, शिलाई मशीन आलंच. पण हक्क सांगता येणं, सोयींपर्यंत पोहोचता येणं, हेही साधनच. आणि दुष्काळ, आजारपण असा धक्का बसला तरी जी पुन्हा उभी राहते ती टिकाऊ उपजीविका. म्हणजे "महिन्याला किती मिळतात?" हा प्रश्न पुरेसा नाही. "घरात कोणी आजारी पडलं तर काय विकावं लागेल?" हाही प्रश्न विचारावा लागतो. तो वर्गात बसून विचारता येत नाही, म्हणून समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्याला एवढं महत्त्व. विद्यार्थी वस्तीत जातात, गावात राहतात.

त्याबरोबर उद्योजकतेची बाजू येते. हिशोब, किंमत ठरवणं, खेळतं भांडवल, बाजारपेठ. आणि संस्थेचा कायदेशीर साचा कोणता घ्यायचा, हेही. हा विषय रुक्ष वाटतो, पण तो मुळात नीतीचा आहे, बरं का. सहकारी संस्थेत एका सभासदाला एक मत, मग भाग कितीही असोत. कलम ८ च्या कंपनीला नफा सभासदांत वाटता येत नाही. म्हणजे साचा निवडताना निर्णय कोणाचा आणि नफा कोणाचा, हे आपण ठरवत असतो. आणि तोटा कोणाच्या अंगावर पडणार, हेही.

हे विसरलं की काय होतं? २०१० साली आंध्र प्रदेशात सूक्ष्मकर्जाचं संकट आलं. कर्जफेडीचे आकडे उत्तम दिसत होते. पण अनेक घरं एकाचं कर्ज फेडायला दुसऱ्याचं कर्ज घेत होती. वसुलीच्या जाचाच्या तक्रारी वाढल्या आणि शेवटी राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला. मोजलं जात होतं ते कर्जाचं आरोग्य, माणसांचं नव्हे.

आता याच्या शेजारी पुण्याचं उदाहरण ठेवा. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून काही अध्यापक कचरा वेचणाऱ्या बायकांपर्यंत पोहोचले. १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली. बायकांना ओळखपत्रं मिळाली. ओळखपत्र विकता येत नाही, खाता येत नाही. पण कुंडीपाशी वाकलेल्या बाईकडे चोर म्हणून बघणाऱ्याला ते दाखवता येतं. वर सांगितलेलं 'हक्क सांगता येण्याचं साधन' ते हेच. पुढे २००८ साली 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला. आता बाई दारावर येते, घराघरातून मासिक शुल्क घेते, आणि विकण्याजोगं भंगार तिचं असतं. आधी संघटना, मग हक्क आणि त्यानंतर उद्योग, असा हा क्रम आहे.

पण इथेच खरी अडचण आहे. आम्ही काही वर्षं समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना नीतिशास्त्र शिकवायला जात असू. कचरावेचक बायकांमध्ये काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, यातल्या बहुतेक बायका दलित आहेत. हे काम त्यांनी निवडलं नाही, त्यांच्या वाट्याला आलं. मग आम्ही त्यांना हातमोजे देऊन तिथेच ठेवतोय का?" आम्ही कांट सांगितला. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, तो स्वतः साध्य आहे, वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "ते पटतं सर. पण उद्या सकाळी मी वस्तीत काय करू?"

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. आज जे सुचतं ते असं. काम घाणेरडं म्हणून ते काढून घेणं हा अन्यायच, कारण उद्याची चूल त्यावर पेटते. आणि मिळकत वाढली म्हणून समाधान मानणं हाही अन्याय, कारण मग वाढीव पैशासकट जन्माची वृत्ती तशीच चालू राहते. म्हणून कोणत्याही उपजीविका प्रकल्पाला तीन प्रश्न विचारावेत. दर आणि अटी ठरताना काम करणाऱ्या बाईला मत आहे का? तोटा आला तर तो एकट्या तिच्यावर पडतो का? आणि तिच्या मुलीने हे काम करायचं नाही म्हटलं, तर तिच्यापुढे दुसरा रस्ता आहे का? पहिले दोन प्रश्न उद्योजकतेचे आहेत. तिसरा समाजकार्याचा. तो सुटला तर नुसती मिळकत न वाढता निवड वाढते.

तर आमच्या त्या श्रोत्यांना उत्तर एवढंच. पापड लाटायला कोणी दोन वर्षं शिकत नाही. पापड लाटणारीला भावाबद्दल बोलता यावं आणि नको वाटलं तर लाटणं खाली ठेवता यावं, ही व्यवस्था कशी उभी करायची, हे शिकायला दोन वर्षंही कमीच पडतात. मुलगी सुट्टीला घरी आली की तिला पगाराचं नंतर विचारा. आधी वस्तीत काय पाहिलं ते विचारा.

आज इथे थांबू या.