जनुकांच्या नोंदी राखणारी माणसं

बायोइन्फर्मेटिक्स म्हटलं की मुलांना प्रोग्रॅमिंग आठवतं आणि पालकांना आयटीतली नोकरी. जीवशास्त्रीय माहिती नोंदवणं, तपासणं आणि जपणं हे या शास्त्राचं मूळ काम मात्र करिअर म्हणून फारसं कुणी सुचवत नाही. पुण्याला ते नवं नाही. पुणे विद्यापीठाचं जैवमाहितीशास्त्र केंद्र 1987 मधलं, म्हणजे मानवी जनुकसंचाचा पहिला मसुदा प्रसिद्ध होण्याच्या चौदा वर्षं आधीचं. विषाणूंच्या जनुकसंचांचा ‘वायरजेन’ हा माहितीसंग्रह याच केंद्रात तयार झाला. अशा नोंदींचं मोल कोरोनाकाळात कळलं. या विषाणूचा जनुकक्रम म्हणजे सुमारे तीस हजार अक्षरांची ओळ. नमुना कुठला, कोणत्या तारखेचा, हे सोबत नसेल तर साथ कुठून कुठे सरकली ते त्या ओळीवरून उमगत नाही.

ही तर कारकुनी, असं कुणी म्हणेल. मग एक्सेलचं उदाहरण पाहा. ‘सेप्ट2’, ‘मार्च1’ अशी काही जनुकांची नावं होती; एक्सेलनं परस्पर त्यांच्या तारखा केल्या, 2 सप्टेंबर आणि 1 मार्च. 2016 च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. अखेर 2020 मध्ये त्या जनुकांचीच नावं बदलली. रकान्यात तारीख दिसताच इथं जनुक हवं होतं हे ओळखायला जीवशास्त्र यावं लागतं, आणि हजारो ओळींतून ती चूक हुडकायला संगणक.

आता हे काम कृत्रिम बुद्धिमत्ता करेल, हा दुसरा आक्षेप. काही भाग नक्कीच करेल. पण प्रथिनांची रचना वर्तवणारं, 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलपर्यंत पोचलेलं ‘अल्फाफोल्ड’ शिकलं कशावर? 1971 पासून माणसांनी तपासून जपलेल्या प्रोटीन डेटा बँकेवर. कच्च्या, चुकीच्या नोंदींवर ते घडलं नसतं.

तिसरा आक्षेप नोकऱ्यांचा, आणि तो खरा आहे. अशी पदं बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरती असतात. प्रकल्प संपला की माणूस जातो, आणि फाइलींची नावं कशी लावली होती हे सांगणारं कुणी उरत नाही. सुमारे दहा हजार भारतीयांचे जनुकसंच फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात ठेवलेले असताना हे परवडणारं नाही. एनसीएल, एनसीसीएस, आयसर, राष्ट्रीय विषाणू संस्था अशा संशोधन संस्था एकाच शहरात असलेल्या पुण्यानं तरी डेटा व्यवस्थापकाचं पद कायम करावं. आणि विद्यार्थ्यांनी पायथॉन, एसक्यूएल जरूर शिकावं, पण जीवशास्त्राचं पुस्तक बाजूला ठेवू नये.