कंझऱ्याचा हिशेब

बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीला मूर्तिजापूर लागते. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतून शिकणारी मुले त्या मार्गाने नित्य प्रवास करतात. याच तालुक्यातील कंझरा हे गाव परदेशी विद्यापीठांतील विकासाच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना नावानिशी ठाऊक आहे, हे त्यांच्यापैकी किती जणांना माहीत असेल?

हैदराबादजवळ पटणचेरू येथे 1972 साली कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. कोरडवाहू शेतकरी कसा जगतो हे समजल्यावाचून त्याच्यासाठी बियाणे शोधणे व्यर्थ, हे ओळखून संस्थेने 1975 साली सहा गावे अभ्यासास घेतली. त्यांत महबूबनगर जिल्ह्यातील दोन, सोलापूरची शिरापूर व कळमण आणि अकोला जिल्ह्यातील कंझरा व किनखेडा ही गावे होती. प्रत्येक गावातून 40 कुटुंबे निवडली. 30 शेती करणारी, 10 मजुरांची. राजस्थानातून आलेले नरपतसिंह जोधा, ऑस्ट्रेलियाचे जेम्स रायन, स्वित्झर्लंडचे हान्स बिन्सवांगर असे नाना देशांचे व प्रांतांचे अभ्यासक यात एकत्र आले. बिन्सवांगर यांनी तर खरे पैसे लावून नाणेफेकीचा खेळ मांडला आणि शेतकरी किती धोका पत्करतो याचे मोजमाप केले. एखाद्या पाराखाली असा डाव मांडलेला पाहून गावाला काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी!

या भागीदारीचा खरा कणा मात्र वेगळाच होता. गावातच मुक्कामाला राहणारा, शेतकरी घरातून आलेला, स्थानिक बोली जाणणारा पदवीधर अन्वेषक दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी जाऊन जमाखर्च, मजुरी, उसनवारी टिपून घेत असे. हे काम इंग्रजी प्रश्नावलीच्या शब्दशः भाषांतराने साधणारे नव्हे. "कर्ज आहे काय?" या प्रश्नाला वऱ्हाडातला माणूस "नाही" म्हणेल, कारण शेजाऱ्याकडून आणलेली पायलीभर ज्वारी त्याच्या लेखी कर्ज नसून उसने असते. बटईने केलेली शेती, उक्ते घेतलेले काम, सालदाराचे वर्षाचे बोलणे या प्रत्येकात व्यवहार जितका, तितकेच नातेही असते. ते ओळखणारा माणूस मध्ये नसता, तर जगाच्या हाती केवळ आकडे गेले असते.

शिकागोचे रॉबर्ट टाउनसेंड यांनी 1994 साली 'इकॉनोमेट्रिका'त प्रसिद्ध केलेल्या लेखात तीन गावांची ही आकडेवारी तपासली. त्यांत कंझरा होते. एखाद्या घराचे उत्पन्न एका वर्षी घटले तरी त्याचा खाण्यापिण्याचा खर्च त्या प्रमाणात घटत नाही, तो बव्हंशी साऱ्या गावाच्या खर्चाबरोबर हलतो, असे त्यांना आढळले. गाव आपल्या माणसाला सावरून धरते, असा याचा ढोबळ अर्थ. पण तीनपैकी एका गावी भूमिहीनांना हा आधार कमी मिळत होता, हेही त्याच लेखात नमूद आहे.

येथेच वऱ्हाडाचा स्वतःचा प्रश्न उभा राहतो. कापूस एकट्याचा बुडाला तर शेजारी धावतो. साऱ्या गावाचाच बुडाला तर कोणी कोणाकडे उसने मागावे? शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 साली केंद्राला ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर करावी लागली, त्यांत अमरावती व अकोला होते. हा प्रश्न शिकागोत सुचेलच असे नाही. तो येथे सुचायला हवा.

परक्यांनी आमची गरिबी नेऊन पुस्तके छापली, अशी तक्रार अशा वेळी ऐकू येते. ती पुरती खरी नाही. दहा वर्षे एकाच गावाचा हिशेब ठेवण्याची चिकाटी त्यांनी दाखविली, 2001 पासून ते काम पुन्हा सुरू केले आणि आकडेवारी अभ्यासकांना खुलीही केली. दोष असलाच तर तो अंशतः आमच्या महाविद्यालयांचा आहे. पदव्युत्तर वर्गात टाउनसेंड यांचा सिद्धान्त फळ्यावर येतो. मूर्तिजापूरला उतरून गावात जाण्याचे कोणाच्या मनात येत नाही. परीक्षेत त्याला गुण नाहीत, हे त्याचे साधे कारण.

अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीत विद्यापीठ आहे. पुढच्या प्रश्नावलीत काय विचारावे हे ठरविताना या दोघांचा, आणि ज्या घरांनी वर्षानुवर्षे आपल्या चुलीचा हिशेब परक्यापुढे उघडा केला त्यांचा, सल्ला घेतला जावा. निष्कर्ष मराठीत छापून आधी त्या घरांत वाचून दाखवावेत. एखादी म्हातारी ऐकता ऐकता "हे असं नव्हतं" म्हणाली, तर तेही टिपून घ्यावे लागेल.