कार्नारोली : इटलीच्या खाचरातले भात

इटलीत भात पिकते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. गव्हाच्या शेवया खाणारी ही माणसे, त्यांना तांदूळ कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण गुरुजी, वर्गातला युरोपचा नकाशा जरा खाली ओढा. आल्प्स पर्वताच्या पायथ्याला पो नावाची नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. तिच्या सखल खोऱ्यात, तोरिनो आणि मिलानो या शहरांच्या मधला मुलूख म्हणजे भाताचे आगरच. युरोपीय संघात होणाऱ्या भातापैकी निम्मे तरी एकट्या इटलीतले असते.

आपल्यासारखा मोसमी पाऊस त्यांना नाही. डोंगरावरचे बर्फ वितळते, ते पाणी कालव्यांनी खाचरात येते. १८६३ ते १८६६ या काळात खणलेला काव्हूर कालवा ऐंशी किलोमीटरांहून लांब आहे. पेरणी एप्रिल-मे महिन्यांत, कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. पेरणीच्या दिवसांत तिकडच्या रात्री चांगल्याच गार असतात. खाचरातले पाणी दिवसा ऊन पिऊन ठेवते आणि रात्री कोवळ्या रोपांवर त्याचीच ऊब धरते. म्हणजे पाणी हे त्या पिकाचे पांघरूणही झाले!

हे पीक तिकडे जुने आहे. १४७५ साली मिलानोच्या ड्यूकने फेर्राराच्या ड्यूककडे बियाण्याची बारा पोती धाडल्याची नोंद सापडते. पुढे शेकडो वर्षे एकच जात चालली. तिचे नाव 'नोस्त्राले', म्हणजे 'आपल्या घरचे'. सगळ्या मुलखात एकच वाण असले म्हणजे काय होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात रोग आला आणि उभी शेते वाळली. त्या रोगाला तिकडे 'ब्रुझोने' म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी भाजणे, जळणे हाच अर्थ आहे, आणि आपण त्याच रोगाला करपा म्हणतो. दोन देशांतल्या शेतकऱ्यांना एकच गोष्ट सारखीच दिसली, बघा. तेव्हा १८३९ साली काल्लेरी नावाच्या पाद्र्याने आशियातून त्रेचाळीस जातींचे बियाणे नेले, आणि निवडीला वाव मिळाला.

कार्नारोली त्यानंतर खूप उशिरा आले. मिलानोजवळच्या पाउल्लो गावी एत्तोरे दे व्हेक्की यांनी 'व्हियालोने' आणि 'लेन्चिनो' या दोन जातींचा संकर केला. साल १९४५, महायुद्ध संपले ते. वाणाला नाव मिळाले ते एमिलियानो कार्नारोली या गृहस्थांचे.

संकर म्हणजे नेमके काय, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. भाताचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. प्रत्येक फुलात सहा पुंकेसर असतात. ते पिकण्याआधीच चिमट्याने काढून टाकायचे आणि दुसऱ्या जातीचा पराग त्या फुलावर झाडायचा. दाणा धरला की काम संपले असे मात्र नाही. पुढच्या पिढ्यांत कुठे आईचा गुण उतरतो, कुठे बापाचा, कुठे दोघांचेही दोषच. दर हंगामाला हवी ती रोपे ठेवायची, बाकीची टाकायची. असे कित्येक हंगाम गेल्यावर वाण स्थिरावते. फुलावरचे काम घटकाभराचे, निवड वर्षांची.

या तांदळात एवढे काय आहे? त्याचा दाणा टपोरा, आणि त्यात अमायलोज हा पिष्टाचा प्रकार बराच असतो. त्यामुळे शिजताना दाणा फुटत नाही. इटलीत 'रिझोत्तो' करतात तो असा : लोण्यात कांदा परतायचा, तांदूळ न धुताच त्यात घालायचा, मग मटणाचे किंवा भाज्यांचे कढत पाणी पळीपळीने ओतीत राहायचे. वरचे पीठ सुटून रस दाट होतो, पण दाण्याचा गाभा दाताखाली लागला पाहिजे. आपल्या घरी असा भात वाढला तर कच्चा राहिला म्हणून बोलणी बसतील. तिकडे तीच परीक्षा.

आता शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. कार्नारोलीचे ताट उंच. वारापाऊस झाला की पीक लोळते. खत थोडे जास्त झाले तरी तेच. करप्याला ते लवकर बळी पडते, आणि उताराही बेताचाच. म्हणून दाण्याने तशाच दिसणाऱ्या, पण बुटक्या आणि जास्त पिकणाऱ्या 'कार्नाक'सारख्या जाती पुढे आल्या. इटलीचा १९५८ चा कायदा असा होता की, सारख्या दाण्याच्या जाती एका नावाखाली विकता याव्यात. परिणामी पिशवीवर कार्नारोली आणि आत भलतेच, तेही कायद्याला धरून! आंबेमोहोर म्हणून बाजारात काय काय खपते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. तोटा कोणाचा? जो अस्सल बियाणे पेरून पडत्या पिकाची जोखीम घेतो, त्याचा. त्याच्या मालाला वेगळे नावच उरत नाही.

२०१७ साली नवा कायदा झाला. सारख्या जाती एका नावाने विकण्याची मुभा त्यातही राहिली. पण अस्सल वाणासाठी 'क्लासिको' हा शब्द राखून ठेवला. तो छापायचा तर बियाणे प्रमाणित हवे, आणि शेतापासून पिशवीपर्यंतचा माग नोंदीने दाखवता आला पाहिजे. हा शब्द नसेल, तर त्या पिशवीत कार्नारोली असेल किंवा त्याचे एखादे भावंड.