दिनदर्शिकेची गोष्ट, भाग ७ : दोन तारखांमध्ये वाढलेला मुलगा

१५७७ साल संपत आले होते. जर्मनीतल्या एका आईने आपल्या मुलाला उंचवट्यावर नेले आणि आकाशातला धूमकेतू दाखवला. मुलाचे सहावे वर्ष अजून संपायचे होते. आई काटारीना ही खानावळवाल्याची मुलगी, झाडपाल्याची औषधे देणारी. मुलगा योहान्स केप्लर.

त्याच धूमकेतूकडे डेन्मार्कमध्ये खगोलशास्त्रज्ञ ट्युको ब्राहे उपकरणे रोखून बसला होता. धूमकेतू चंद्राच्याही पलीकडे आहे, असे त्याच्या मोजमापातून निघाले आणि आकाश बदलत नाही ही जुनी समजूत डळमळली. योहान्सला यातले काही कळण्याचे कारण नव्हते. लहानपणी देवी येऊन गेल्याने त्याची नजर अधू झाली होती. तरी १५८० मध्ये घरच्यांनी बाहेर बोलावून दाखवलेल्या ग्रहणातला तांबूस चंद्र त्याच्या कायमचा लक्षात राहिला.

घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. बाप भाडोत्री सैनिक, लढाईच्या मागे वरचेवर घर सोडून जाणारा. मुलाला शेतात राबावे लागे. तीन वर्षांचा लॅटिन शाळेचा अभ्यासक्रम पुरा करायला त्याला पाच वर्षे लागली. याच शाळकरी वर्षांत, तो दहा वर्षांचा असताना, युरोपच्या तारखा दुभंगल्या.

जुने ज्युलियन वर्ष ३६५ दिवस आणि ६ तासांचे. खरे सौरवर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. फरक किरकोळ वाटतो, पण साधारण १२८ वर्षांत तो एक दिवस खातो. म्हणून २१ मार्चला धरलेला वसंतसंपात सोळाव्या शतकात ११ मार्चच्या सुमारास येऊ लागला आणि त्यावर बेतलेला ईस्टर खऱ्या ऋतूपासून सरकला. पोप तेरावे ग्रेगरी यांच्या फर्मानानुसार रोम, स्पेन, पोर्तुगालमध्ये ४ ऑक्टोबर १५८२ च्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबरचा शुक्रवार उजाडला. वाराची साखळी मात्र तुटली नाही.

केप्लरचे कुटुंब लुथरपंथी होते. प्रोटेस्टंट संस्थानांनी पोपची दिनदर्शिका नाकारली, त्यामुळे हद्द ओलांडली की तारीख बदले. मराठी वाचकाला हे फार परके वाटू नये. कोकणात टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत एखाद्या वर्षी गणपती शेजाऱ्यांच्या महिनाभर आधी बसतो.

हा विरोध अडाण्यांचा होता, असे समजणे चूक ठरेल. ट्युबिंगेनमध्ये केप्लरला पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचे मत शिकवणारा मिखाएल मेस्टलिन हाच नव्या दिनदर्शिकेचा कडवा विरोधक होता. १५७७ चा धूमकेतू चंद्रापलीकडे आहे, हे त्यानेही स्वतंत्रपणे मोजले होते. पोपची दिनदर्शिका घेणे म्हणजे पोपची सत्ता मान्य करणे, असे त्याला वाटे; गणितातही त्याने दोष काढले. आकाश इतके नीट वाचणारा माणूस धर्माच्या भांडणात असा अडकावा, याची हळहळ वाटते.

शिष्याने वेगळी वाट धरली. १५९४ च्या मार्चमध्ये केप्लर गणित शिकवायला ग्राट्सला निघाला, तेव्हा बव्हेरियाच्या हद्दीत शिरताच त्याचे दहा दिवस गळाले. ग्राट्सला नव्या दिनदर्शिकेप्रमाणे तो ११ एप्रिलला पोहोचला. तिथे दरवर्षीचे पंचांग रचणे हेही त्याचेच काम होते. १५९५ साठीच्या पहिल्याच पंचांगात त्याने कडक थंडी आणि तुर्कांचे आक्रमण वर्तवले. दोन्ही खरे ठरले आणि त्याचे नाव झाले.

१६१३ मध्ये रेगेन्सबुर्गच्या राजसभेत सम्राट मातियास यांच्या बाजूने केप्लर उभा राहिला आणि नवी दिनदर्शिका स्वीकारा, असे त्याने आपल्याच धर्मबांधवांना सांगितले. त्यांनी ऐकले नाही. प्रोटेस्टंट जर्मनीत १८ फेब्रुवारी १७०० नंतर थेट १ मार्च आला, तेव्हा केप्लरला जाऊन सत्तर वर्षे होत आली होती.