कानाच्या पाळीवरची चीर

देशातून कुष्ठरोगाचं ‘निर्मूलन’ डिसेंबर 2005 मध्ये झाल्याचं जाहीर झालं, त्याला वीस वर्षं होऊन गेली. दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, एवढाच त्या शब्दाचा सरकारी अर्थ. पेढे मात्र रोग संपल्यासारखे वाटले गेले.

हॅन्सन या डॉक्टरनं 1873 मध्ये नॉर्वेत या रोगाचा जंतू पाहिला. तिथपासून डॅप्सोन या औषधापर्यंतची सत्तरेक वर्षं भराभर ओलांडली तरी चालतील. थांबायचं ते 1982 नंतरच्या दशकापाशी. एमडीटी, म्हणजे अनेक औषधांचा एकत्रित उपचार, आला, महिन्याची पाकिटं गावोगाव पोचली, त्यातल्या क्लोफॅझिमिननं कातडी काळवंडू लागली. जंतू जास्त असलेल्या रुग्णाचे उपचार किमान दोन वर्षं आणि शक्यतो स्मिअर, म्हणजे कातडीच्या चिरेतल्या रसाची तपासणी, ‘निगेटिव्ह’ येईपर्यंत चालत. त्यामुळे स्मिअर करणाऱ्याच्या हाताला वजन होतं.

काम दिसायला किरकोळ. कानाची पाळी चिमटीत धरून रक्त हटेपर्यंत दाबायची. पंधरा नंबरच्या ब्लेडनं पाच मिलिमीटर लांब, दोन-तीन मिलिमीटर खोल चीर द्यायची, मग ब्लेड आडवं करून आतली कड खरवडायची. रक्त नको, ऊतीचा रस हवा. तो काचपट्टीवर पसरून ज्योतीवरून फिरवायचा. पुढे कार्बोल फ्युक्सिन, आम्ल, मिथिलीन ब्लू. निळ्यावर लाल काड्या दिसत, कधी विडीच्या बंडलासारख्या एकत्र बांधलेल्या. शंभर क्षेत्रांत दहापर्यंत जंतू तर 1+, एकेका क्षेत्रात हजाराहून जास्त तर 6+.

हा जंतू प्रयोगशाळेतल्या कुठल्याही माध्यमावर वाढत नाही. म्हणून ही चीरच मोलाची.

1998 च्या सुमाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी स्मिअर सक्तीचं नाही असं ठरवलं. चट्टे मोजा: पाचपर्यंत एक उपचार, त्याहून जास्त तर दुसरा. कारणं खोटी नव्हती. अनेक ठिकाणच्या पट्ट्या वाईट असत, वाचणारे अडाणी, आणि एचआयव्हीच्या काळात ब्लेडची भीती रास्त. पण वाईट काम सुधारायचं सोडून कामच बंद करणं हा कुठला न्याय? ज्याच्या अंगात सर्वांत जास्त जंतू, त्याच्या अंगावर कधी कधी मोजण्याजोगा चट्टाच नसतो. कातडी नुसती तुकतुकीत आणि कानाच्या पाळ्या जाड. त्याला मोजणार कसं?

दुसरीकडे, आता त्वचेवरचे जंतू ओल्या बोळ्यानं टिपून, ते कुठले हे ओळखायला त्यांचं 16एस जनुक वाचतात. अमेरिकेत 2008 मध्ये बोळा, खरवड आणि कातडीचा तुकडा यांची तुलना झाली, तेव्हा तिन्हींत साधारण तेच जंतू सापडले. निरोगी कातडीपुरतं ते ठीक. कुष्ठाचा जंतू मात्र खालच्या थरात दडतो. बोळा वरूनच फिरून येतो. ही नवी विद्या सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींपर्यंत पोचली, आणि चिरेची जुनी कला शिकवायला माणूस शोधावा लागतो.

2022 मध्ये जगात 1,74,087 नवे रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी 1,03,819 भारतात. मिरजेला कुष्ठरोगाचं जुनं रुग्णालय आहे, पण वाईच्या माणसानं एका पट्टीसाठी तिथवर का जावं? सातारा-सांगलीच्या प्रत्येक तालुक्यात स्मिअर घेणारा एक आणि वाचणारा एक, असे दोघं पगारावर ठेवा.