लाल बावटा न चढलेले जहाज

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. दुपारचे चार वाजून सहा मिनिटे झाली होती. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत असा काही स्फोट झाला की, कुलाब्याच्या वेधशाळेतील भूकंपमापकाने त्याची नोंद घेतली आणि दूर सिमल्याच्या यंत्रालाही तो हादरा जाणवला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला. गिरगाव-मांडवीकडे आप्तस्वकीय असलेल्या कित्येक मराठी घरांत ‘गोदीतला स्फोट’ हा शब्दप्रयोग पुढे कालगणनेसारखा रूढ झाला. अमक्याचा जन्म स्फोटाच्या आदला, तमक्याचे लग्न स्फोटानंतरचे!

या दुर्घटनेच्या सोन्याच्या विटांच्या हकिकती सर्वांना पाठ असतात. तिच्यामागची नियमांची हकिकत मात्र फारशी कोणी सांगत नाही; आणि खरा बोध तर तिच्यातच आहे.

स्फोटक माल वाहणाऱ्या जहाजांविषयी ब्रिटिश अमलातील बंदरांत फार जुने आणि कडक नियम होते. ते कोणाच्या लहरीतून निघालेले नव्हते. १८७४ साली लंडनच्या रीजंट कालव्यावर एका पडावात बंदुकीची दारू आणि खनिज तेलाचा ज्वालाग्राही माल एकत्र भरला होता. त्याचा स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये स्फोटक पदार्थांचा व्यापक कायदा झाला. हिंदुस्थानात तसा कायदा १८८४ मध्ये आला. बंदरांचा कारभार पुढे १९०८ च्या बंदर कायद्याखाली चालू लागला. त्या कायद्यात जहाजावर डांबर उकळण्यावर आणि उघड्या दिव्याच्या उजेडात मद्यार्क काढण्यावरही बंधने होती. राळ, डांबर आणि ठिणगी यांची संगत किती वाईट, हे नियम करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते.

या व्यवस्थेचे मर्म साध्या गोष्टींत होते. दारूगोळ्याचे जहाज इतर जहाजांच्या दाटीत आणू नये. माल बाहेरच पडावांत उतरवावा. जहाजावर लाल बावटा चढवावा, म्हणजे आसपासच्यांनी सावध राहावे. आणि जे जळते ते, जे फुटते त्याच्या शेजारी ठेवू नये.

युद्ध आले की नेमके हेच नियम बाजूला सारले जातात. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ‘माँ-ब्लाँ’ हे फ्रेंच जहाज दुसऱ्या जहाजावर आदळून पेटले आणि फुटले. युद्धापूर्वी अशा जहाजाला आतल्या बंदरात प्रवेशच मिळाला नसता. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्यावर धोक्याचा बावटाही नव्हता. त्यामुळे किनाऱ्यावर जमून जळते जहाज पाहणाऱ्यांना आपण काय पाहतो आहोत, हेच कळले नाही. सुमारे दोन हजार माणसे प्राणांस मुकली.

सव्वीस वर्षांनी मुंबईत तेच घडले. ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडच्या बर्कनहेडहून निघाले. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, विमाने होती आणि सोनेही होते. कराचीत काही माल उतरला. रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या गाठी, तेलाची पिंपे आणि लाकूड भरण्यात आले. १२ एप्रिलला ते मुंबईत पोहोचले व थेट गोदीच्या आत लागले. युद्धाच्या निकडीपुढे बाहेर माल उतरवण्याचा नियम शिथिल झाला होता. लाल बावटा चढला नव्हता. स्फोटके उतरवण्यास उशीर होत गेला.

चौदा तारखेला दुपारी आतून धूर दिसला. बंबवाले आले, पाणी मारू लागले. परंतु आग कापसात खोल मुरली होती. शेजारच्या जहाजांवरील लोकांना आणि धक्क्यावरील हमालांना त्या धुराचा अर्थ सांगणारे निशाण कोठेच नव्हते. जहाज सोडण्याचा हुकूम सुटला तो स्फोटापूर्वी अवघ्या पाव तासावर.

पुढचे वर्णन करवत नाही. ‘जलपद्मा’ या जहाजाचा मागील भाग उचलला जाऊन धक्क्यावरील शेडवर पडला. सोन्याची एक वीट दूरवरच्या एका पारशी गृहस्थांच्या सज्जात येऊन आदळली. त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली. मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. सुमारे ऐंशी हजार लोक बेघर झाले. गोदी पुन्हा वापरात आणण्यासाठी आठ हजार माणसे सात महिने राबली.

चौकशी आयोगाने आगीचे मूळ बहुधा कापसाच्या गाठींत असल्याचे म्हटले. त्याने काढलेले दोष पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. दारूगोळ्याखाली कापूस भरला. लाल बावटा लावला नाही. स्फोटके उतरवण्यात दिरंगाई केली. आग आटोक्यात ठेवण्यासाठी वाफ सोडण्याची सोय वापरली नाही. बंबाला उशिरा कळवले. यांतील एकही गोष्ट त्या दिवशी नव्याने समजलेली नव्हती.

युद्धकाळी सवलत द्यावीच लागते, हे मान्य करू. जहाज गोदीत घेण्याला कदाचित इलाज नव्हता. परंतु एक नियम मोडावा लागला, तर बाकीचे अधिक काटेकोरपणे पाळावयास हवे होते. बावटा चढवण्यास एक माणूस आणि एक दोरी पुरली असती. घडले ते उलट: एका सवलतीच्या आडोशाने बाकीचे नियमही सुटत गेले.

दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो या जवानांच्या स्मृतीसाठी. १९०८ चा बंदर कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा कायदा आला. कायदे बदलतात. पण आपल्या घराजवळच्या गोदामात, फटाक्यांच्या दुकानात, गॅसच्या टाक्या नेणाऱ्या गाडीवर धोक्याची पाटी दिसली, तर ती लिहिण्यापूर्वी कोणी तरी जिवाचे मोल दिलेले असते, एवढे त्या पाटीकडे पाहताना आपल्या मुलांना अवश्य सांगावे.