संग्रहित चित्रणातून नेतृत्वाची चिकित्सा : ख्रिस मार्कर यांचा निबंधपट

माहितीपट घडलेली गोष्ट दाखवतो, तर निबंधपट त्या गोष्टीच्या चित्रणाविषयी विचार करतो, असा स्थूल भेद करता येईल. क्रांतिकारक नेत्यांच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा ठरतो. कारण त्यांचे चित्रण बहुधा गौरवासाठीच झालेले असते. त्याच चित्रणातून चिकित्सा कशी साधते, हे प्रस्तुत लेखात फ्रेंच दिग्दर्शक ख्रिस मार्कर (१९२१–२०१२) यांच्या १९७७ सालच्या निबंधपटाच्या आधारे पाहावयाचे आहे. इंग्रजीत तो ‘अ ग्रिन विदाउट अ कॅट’ या नावाने परिचित आहे.

मार्कर हे फिडेल कॅस्ट्रो यांचे विरोधक नव्हते. क्यूबातील क्रांतीचे स्वागत करणारा त्यांचा ‘क्युबा सी!’ (१९६१) हा माहितीपट फ्रान्समध्ये काही काळ प्रतिबंधित होता. तेव्हा ही चिकित्सा परक्याची नव्हे, एकेकाळच्या सहप्रवाशाची आहे, हे ध्यानात ठेवावे लागते.

भाषण करताना समोरचे मायक्रोफोन चाचपण्याची, सरकवण्याची कॅस्ट्रो यांना सवय होती. मार्कर या लकबीची दृश्ये एकत्र आणतात. प्रेक्षकाला प्रथम हसू येते. पुढे मॉस्कोतील व्यासपीठ येते. तेथील मायक्रोफोन पक्के बसवलेले. हात पुढे जातो, पण ते जागचे हलत नाहीत. क्यूबा आणि सोव्हिएत संघ यांच्या संबंधांवरील एखाद्या दीर्घ प्रकरणाचा आशय येथे हाताच्या एका हालचालीत व्यक्त होतो. मूळ छायाचित्रकाराच्या हे ध्यानीमनीही नसावे.

ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या. त्यावरील कॅस्ट्रो यांचे भाषण मात्र मार्कर पुरेसे लांब चालू देतात. सार्वभौमत्वाचा भंग झाला हे मान्य करूनही वक्ता त्या कारवाईचे समर्थन करतो. येथे निवेदकाने काही म्हणण्याची गरजच उरत नाही.

अर्थात, या पद्धतीला मर्यादा आहेत. लकबीवरून राजवटीचे मोजमाप करणे धोक्याचे असते. तुरुंगांतील राजबंद्यांविषयी मायक्रोफोनचे दृश्य काहीच सांगत नाही. शिवाय संकलकाच्या कात्रीलाही सत्ता असतेच. मार्कर यांना याची जाणीव होती, असे याच चित्रपटातील एका प्रसंगावरून म्हणता येते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी चिलीच्या एका घोडेस्वाराचे चित्रण केले होते. त्या वेळी तो केवळ एक कुशल खेळाडू होता. सेसार मेंडोसा हे त्याचे नाव. १९७३ साली चिलीत सत्ता बळकावणाऱ्या चौघा लष्करशहांपैकी तो एक ठरला.